पस्तीस ते पंचेचाळीस अंश

पिंपळे सौदागरमध्ये राहिलं की गाड्यांचं अप्रूप हळूहळू ओसरतं. पलीकडे पिंपरीत टाटांचा कारखाना, वर चाकणला २००९ पासून फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. आमच्या सोसायटीतले बरेच जण गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, बाकीचे माझ्यासारखे सॉफ्टवेअरमध्ये. सर्व्हिसिंग म्हणजे ॲपवर एक बटण. सकाळी कोणीतरी चावी घेऊन जातं, संध्याकाळी धुतलेली गाडी परत येते. मधल्या वेळात तिचं काय झालं, ते फक्त बिलावरून कळतं.

माझा मावसभाऊ नारायणगावला असतो. टोमॅटो आणि द्राक्षं करतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने जो भाव खाल्ला, त्यात त्याचा माल नेमका तोडणीला आला होता. त्या पैशात आधी विहिरीचं काम झालं, मग मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि उरलेल्यात एक जुनी ऑडी टीटी आली. २०१२ ची, दोन दारांची, लाल. मागच्या सीटवर फक्त बारदान बसतं, असं मावशी म्हणते. गावातल्या स्पीडब्रेकरवरून ती तिरकीच काढावी लागते.

ही गाडी खरोखरची इम्पोर्टेड. रंगवलेली बॉडी जर्मनीतल्या इंगोलश्टाटहून हंगेरीतल्या ग्यॉरला जायची, तिथे गाडी पूर्ण बांधली जायची आणि तशीच आपल्याकडे यायची. म्हणून सीमाशुल्क जबर. पण पत्र्याखाली पाहिलं तर गोष्ट वेगळी आहे. तिचा सहा गिअरचा डबल क्लच गिअरबॉक्स स्कोडा लॉराच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्येही होता, आणि लॉरा जोडली जायची आपल्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला. एक बहीण परदेशी शिकलेली, दुसरी मराठवाड्यात वाढलेली, रक्त एकच.

हे मला इंटरनेटवरून माहीत होतं. नारायणगावच्या मिस्त्रींना हातांनी माहीत होतं. तालुक्यात पतसंस्थेच्या चेअरमनपासून द्राक्ष बागायतदारांपर्यंत अनेकांनी सेकंडहँड लॉरा घेतल्या, आणि त्यातल्या बऱ्याच त्यांच्याच खड्ड्यावर येऊन गेल्या. टीटीचे साठ हजार किलोमीटर भरत आले, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ झाली, तेव्हा दादाने मला फोन केला. "मिस्त्री म्हणतात, तुझी ती केबल आन. आनि सकाळी साडेसहाला ये, उशीर नको."

माझ्या जुन्या पोलोसाठी मी एक निदानाची केबल घेतली होती. लॅपटॉपला लावली की फोक्सवॅगन गटातली कुठलीही जुनी गाडी तिच्याशी बोलते. मिस्त्रींचं स्वतःचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. मे महिना होता. पाचला निघालो, भोसरी, मोशी, चाकण, खेड, मंचर करत वेळेत पोचलो. एवढ्या पहाटे का, ते तिथे गेल्यावर कळलं.

या गिअरबॉक्समध्ये तेल किती आहे ते बघायला पट्टी नसते. खाली एकच बोल्ट. तो काढला की आत एक प्लास्टिकची छोटी नळी असते, तीही आठच्या एलन कीने सोडवली की जुनं तेल गळतं. नळी परत बसवायची, त्याच भोकातून नवं तेल खालून वर भरायचं, थोडं जास्तच. मग इंजिन चालू करायचं, प्रत्येक गिअर टाकून बघायचा आणि तेल पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या मधे असताना बोल्ट पुन्हा उघडायचा. नळीच्या तोंडाच्या वर असलेलं जास्तीचं तेल वाहून जातं. धार तुटून थेंब पडायला लागले की पातळी बरोबर. तेल याहून थंड असेल तर ते आकसलेलं असतं, आणि भरणा जास्त होतो. गरम असेल तर फुगलेलं असतं, म्हणून भरणा कमी होतो.

"मेमधे दुपारी घेतलं तर तेल सुरुवातीलाच अडतिसावर असतं, साहेब. गिअर फिरवेपर्यंत पंचेचाळीसच्या पार. मग बसा गार व्हायची वाट बघत." जर्मनीत लिहिलेली प्रक्रिया जुन्नर तालुक्याच्या उन्हात कशी बसवायची, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसेल.

गाडी इतकी बुटकी की खड्ड्यावर चढवताना पुढचा बंपर घासला असता. त्यांनी चाकांखाली फळ्या टाकल्या. तेल भरायला औषध फवारणीचा कोरा पंप होता, त्याच्या नळीला लेथवर करून घेतलेला पितळी जोड. आधी वरचा फिल्टर बदलला, मग तेल गाळलं. मी ड्रायव्हरच्या सीटवर लॅपटॉप घेऊन आकडे ओरडत होतो. सव्वीस. एकोणतीस. तेहेतीस. पस्तीसला बोल्ट सुटल्याचा आवाज आला. एकेचाळीसला खालून हाक आली, "बंद झाली धार." दादा एवढा वेळ चहाचा कप तसाच हातात धरून उभा होता.

काम झाल्यावर मिस्त्रींनी खरं विचारायचं ते विचारलं. एक नवी गाडी आली होती त्यांच्याकडे, दोन-तीन वर्षांची. पार्ट बदलला, बसला. मशीन फॉल्ट वाचून दाखवत होतं, पण नवा पार्ट गाडीला ओळखू घालायला गेलं की नकार. परवानगी कंपनीच्या सर्व्हरवरून यावी लागते. "तुम्ही सॉफ्टवेअरवाले. हे उघडत न्हाय का?"

मी रोज हेच लिहितो. कुणाला टोकन द्यायचं आणि कुणाला नाकारायचं. त्यामुळे कुलपाची बाजूही मला माहीत आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी एक चालती जीप दूर बसून ताब्यात घेऊन दाखवली आणि चौदा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दार उघडं ठेवून चालत नाही. पण दाराला कुलूप असणं वेगळं, आणि किल्ली एकाच शोरूमच्या खिशात असणं वेगळं. मी ऑफिसात परवानग्यांचा तक्ता करतो, तेव्हा त्यात 'ॲडमिन', 'युजर', 'पार्टनर' असतात. नारायणगावच्या मिस्त्रीसाठी ओळ नसते.

ही ओळ कायद्याने आणता येते. युरोपात २००७ च्या नियमाने स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं, म्हणजे ग्यॉरमधल्या गल्लीतल्या मेकॅनिकला तो हक्क आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं होती, मोबाइल होते आणि गाड्याही होत्या.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात पुसून एक जाड वही काढली. प्रत्येक गाडीला एक पान. टीटीच्या पानावर त्यांनी मराठीत लिहिलं, 'लॉराप्रमाणेच. सकाळी सातच्या आत. फळ्या लावणे.' मी पानं उलटत गेलो. शेवटी त्या नव्या गाडीचं पान होतं. वर मॉडेल, साल, बदललेल्या पार्टचा नंबर. खाली अर्धं पान कोरं सोडलेलं होतं, पुढचं लिहायला.