अकोला ते अमरावती : शिकायला निघालेल्यांची वाट

जून-जुलैच्या दिवसांत सकाळी अकोला स्टेशनवर उभे राहिले की गर्दीतून शिकायला निघालेली पोरे-पोरी लगेच ओळखू येतात. दवाखान्याला निघालेल्या माणसाच्या हातात औषधांची पिशवी असते, बाजाराला निघालेल्याच्या खांद्यावर रिकामे पोते असते. या मुलांच्या छातीशी मात्र प्लॅस्टिकची एक फाईल घट्ट धरलेली असते. बारावीची मार्कशीट, टी.सी., जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. घरातली सारी इस्टेट त्या फाईलमध्ये असते म्हटले तरी चालेल. बरोबर बाप किंवा थोरला भाऊ असतो. त्याने त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते.

गाडी सुटते. बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, माना, कुरूम आणि मग बडनेरा. दोन्ही बाजूंना वऱ्हाडची काळी जमीन पसरलेली दिसते. पाऊस पडला असेल तर पेरणीची लगबग चालू असते, नसेल तर सारे शिवार आभाळाकडे तोंड करून बसलेले असते. ज्या घरांतली मुले या गाडीत बसलेली असतात, त्या घरांतल्या बहुतेक बायांनी याच शिवारात दुसऱ्याच्या शेतात निंदण केलेले आहे, कापूस वेचलेला आहे.

डब्यातले बोलणेही ठरलेलेच असते.

"कुठी चालली व माय?"

"अमरावतीले. कॉलेजात नाव टाकाचं हाय."

"एकटीच?"

"बाबा हायेत ना संग."

"शीक माय, शीक. आमाले नाई भेटलं शिकाले."

मूर्तिजापूर आले की जुनी माणसे शकुंतलेची आठवण काढतात. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही अंगांना जाणारी ही लहान रुळांची गाडी इंग्रजांच्या कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी घातली होती. १९९४ पर्यंत ती कोळशाच्या इंजिनावर धावत होती. पुढे डिझेलवर आली आणि काही वर्षांपूर्वी बंदच पडली. त्या गाडीने कापूस बाहेर नेला, पण कापूस वेचणाऱ्यांच्या पदरात काय टाकले, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. आज त्याच वेचणाऱ्यांची नातवंडे मोठ्या रुळांवरून शिकायला निघाली आहेत.

बडनेऱ्याला मुख्य मार्ग सुटतो. तेथून अमरावती दहाएक किलोमीटर. शहरात शिरल्यावर राजकमल चौक, जयस्तंभ चौक, मग इर्विन चौक. इर्विन चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. नवीन आलेली मुले तेथे क्षणभर थांबतात आणि मगच कॉलेजचा रस्ता विचारतात.

सरकारी कॉलेजची इमारत

विदर्भ महाविद्यालय, म्हणजे आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. लोक अजूनही तिला व्ही.एम.व्ही. म्हणतात. १९२३ साली हे कॉलेज किंग एडवर्ड कॉलेज या नावाने सुरू झाले. त्याआधी वऱ्हाडातल्या मुलाला कॉलेज शिकायचे तर नागपूर, पुणे नाही तर मुंबई गाठावी लागे. म्हणजे ज्याच्या बापाजवळ जमीनजुमला, त्यानेच शिकावे. सरकारी कॉलेज वऱ्हाडच्या अंगणात आले ही मोठी गोष्ट झाली. गझलकार सुरेश भटही याच कॉलेजचे विद्यार्थी.

पण कॉलेज आले म्हणजे सगळ्यांसाठी आले असे होत नाही. कॉलेज सुरू झाल्यानंतर चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, याच अमरावतीत वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रश्न होता अंबादेवीच्या देवळात प्रवेशाचा. एका गावात एकीकडे विद्येची मोठी इमारत उभी आणि दुसरीकडे माणसाला माणूस म्हणून दारात उभे राहण्यासाठी भांडावे लागते, असा तो काळ होता. या लढ्यात डॉ. पंजाबराव देशमुखही होते. पुढे १९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्यांनी चालवलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि १९४६ मध्ये अमरावतीचे शिवाजी कॉलेज सुरू झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. ते विद्यापीठ १९६९ सालचे.

व्ही.एम.व्ही.पासून जवळच गाडगेनगर आहे. तेथे गाडगेबाबांची समाधी आहे. जेवायचे ताट विकावे लागले तरी विका, पण पोराला शाळेत घाला, असे हा माणूस आयुष्यभर खेड्याखेड्यांतून सांगत फिरला. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. मध्ये फक्त चौदा दिवस. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ पासून संत गाडगेबाबांचे नाव आहे. स्वतः शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव आज पदवीच्या कागदावर छापले जाते.

कामावर जाणाऱ्यांचे कॉलेज

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. त्या कॉलेजची मोठी गोष्ट म्हणजे सकाळचे वर्ग. दिवसा कचेरीत, कारखान्यात राबणाऱ्या मुलानेही शिकावे म्हणून तास सकाळी. पोट भरण्यासाठी काम सोडता येत नाही आणि कामापायी शिक्षण सोडावे लागते, ही आपल्या घरांची अडचण बाबासाहेबांना पुरती माहीत होती. १९५० साली औरंगाबादला मिलिंदची सुरुवात झाली. १९६४ साली नागपूरला दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर कॉलेज आले.

आजही आपल्यातले कितीतरी तरुण अकोल्याच्या एमआयडीसीत, अमरावतीच्या दुकानांत, बांधकामावर दिवसभर राबतात. त्यांच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. रोज वर्गात बसण्याची सक्ती नाही, अभ्यास केंद्र जवळ मिळते आणि काम सांभाळून पदवी घेता येते. लग्न झाल्यामुळे शिक्षण सुटलेल्या आपल्या भगिनींनीही या वाटेचा विचार करावा.

खोली, खाणावळ आणि दुसरे वर्ष

प्रवेश मिळाला की गावात पेढे वाटले जातात. खरी परीक्षा पुढेच असते. सरकारी कॉलेजची फी कमी असते, पण शहर फुकट नसते. खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके, प्रवास, झेरॉक्स. शिष्यवृत्ती येते, पण उशिरा येते, आणि खाणावळवाला थांबत नाही. पहिले वर्ष उधार-उसनवारीवर निघते. दुसऱ्या वर्षी बाप आजारी पडतो, बहिणीचे लग्न निघते, पावसाने दगा दिला तर मजुरी बुडते. मग मुलगा "यंदा गॅप घेतो" म्हणून गावी येतो. ही गॅप पुष्कळदा जन्माची होते. मुलीच्या बाबतीत तर घरचे म्हणतात, "आता पुरे झालं शिक्षण."

पोरीला शहरात एकटीला कसे ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक आईबापाला पडतो आणि तो पडणे चूक नाही. पण त्याचे उत्तर तिला घरी बसवणे हे नव्हे. चांगले वसतिगृह, ओळखीचे एखादे घर आणि रोज एक फोन, एवढी व्यवस्था केली तर ती शिकते. एक मुलगी शिकली की तिच्या पाठच्या भावंडांचे अर्ज भरायला दुसऱ्या कोणाचे पाय धरावे लागत नाहीत.

या मुलांसाठी सरकारच्या काही सोयी आहेत, त्या नीट समजून घ्याव्यात. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात राहणे-जेवण मोफत असते आणि निर्वाह भत्ताही मिळतो. प्रवेश गुणांवर होतो, जागा मोजक्या असतात, म्हणून अर्ज वेळेत करावा. जागा नाही मिळाली तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती २०१६-१७ पासून सुरू झाली असून तिची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना थेट १९४४ सालापासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते त्या काळातली. आज तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. बौद्धांना केंद्र सरकारच्या सवलती १९९० च्या कायद्यामुळे मिळू लागल्या. त्या मिळवण्यासाठी मागच्या पिढीने मोर्चे काढले आहेत, हे मुलांना सांगावे.

उत्पन्नाचा दाखला दरवर्षी वेळेत काढावा. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या शिक्षणाला जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. बँक खाते आधारला जोडलेले आहे की नाही ते पाहावे. प्रवासासाठी विद्यार्थ्यांना एसटीचा आणि रेल्वेचा सवलतीचा पास मिळतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा आईलाही पोरीला भेटून येता येते.

पण सगळे सरकारवर सोडून भागणार नाही. गावागावांत आपली विहारे आहेत. संध्याकाळची वंदना झाल्यावर तेथे दिवा चालू ठेवला, दोन टेबले टाकली, तर अभ्यासिका होते. अमरावती-अकोल्यात ज्यांची घरे आहेत त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत गावाकडच्या मुलाला दोन रात्री जागा दिली, अर्ज भरायला बसून मदत केली, तर त्यांचे काही कमी होत नाही. नोकरीला लागलेल्या चार जणांनी मिळून एका मुलाची तीन महिन्यांची खाणावळ उचलली, तर शिष्यवृत्ती येईपर्यंत तो तग धरतो. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा या कामासाठी बाजूला काढायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही.

यंदा आपल्या वस्तीतून कोण शिकायला बाहेर पडले, याची चौकशी प्रत्येकाने करावी. आणि त्याहून महत्त्वाची चौकशी म्हणजे, मागच्या वर्षी गेलेल्यांपैकी कोण परत आले आणि का आले. त्यांच्या घरी जाऊन बसावे. फाईल अजून घरातच असते. तिच्यावरची धूळ झटकायला फार खर्च लागत नाही.