दोन गव्हाणी : नाताळ, ऊस आणि अकलूजच्या फडातील लेकरे

(धागा)

१.
गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकण्याची जागा. हा साधा शब्द मराठीत आणखी दोन ठिकाणी जाऊन बसला आहे. मराठी बायबलमध्ये बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाला निजवले जाते ते गव्हाणीत. साखर कारखान्यात ऊस ज्या जागी टाकला जातो आणि जिथून तो गाळपाकडे सरकतो, तिचेही नाव गव्हाणच. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी टाकली की हंगाम सुरू होतो. अकलूजला नाताळ येतो तो या दुसऱ्या गव्हाणीच्या ऐन धांदलीत.

२.
अकलूज हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील, नीरा नदीच्या काठचे गाव. इतिहासाच्या वाचकांना ते नदीकाठच्या किल्ल्यामुळे आणि मोगल छावण्यांमुळे ठाऊक असते. पण या गावाचा डिसेंबर समजून घ्यायचा तर किल्ल्याकडून कालव्याकडे वळावे लागते. महिनोन्महिने आपल्या गावापासून दूर, उसाच्या फडात वाढणाऱ्या लहान मुलांची गोष्ट त्या कालव्यापासून सुरू होते.

३.
माळशिरसचा मुलूख मुळात कमी पावसाचा. पाऊस पडतो तो पश्चिमेला, सह्याद्रीत. भाटघर येथे अडवलेले पाणी नीरेच्या दोन कालव्यांतून पूर्वेकडे आले. डावा कालवा १९व्या शतकाच्या अखेरीस वाहू लागला आणि उजवा २०व्या शतकाच्या पूर्वार्धात. बाजरी-ज्वारीच्या रानात बारमाही पाणी खेळू लागले आणि पाठोपाठ ऊस आला. ऊस हे पाण्याच्या भरवशावर वर्षभर उभे राहणारे पीक. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला ते परवडतच नव्हते.

४.
१९३० नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. गुळावर जगणारा बागाईतदार अडचणीत आला. १९३२ मध्ये सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. त्याच वर्षी, कालव्याच्या पाण्यामागोमाग इकडे आलेल्या सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अकलूजजवळ 'दि सासवड माळी शुगर फॅक्टरी' स्थापन केली. त्या वसाहतीचे नावच माळीनगर. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली. तिचा कारखाना जवळच श्रीपूरला उभा राहिला. पुढे सहकाराच्या लाटेत शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने अकलूजलाच शंकरनगरचा सहकारी कारखाना आला. एका तालुक्याच्या परिसरात तीन धुराडी झाली.

५.
आता डिसेंबरचा प्रश्न. उसात साखर भरते ती थंडीत. वाढ मंदावते आणि तयार झालेली साखर कांड्यात साठू लागते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात साखरेचा उतारा सर्वांत चांगला मिळतो. मात्र तोडलेला ऊस थांबत नाही. पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरही. म्हणून कारखाना रात्रंदिवस चालतो आणि तो चालावा म्हणून फडातील कोयताही रोज चालावा लागतो. या गणितात सणाला जागा नाही. थंडी जितकी चांगली, तितकी सुट्टी अवघड.

६.
हे गणित जगात सर्वत्र आहे आणि त्याचा सर्वांत स्फोटक अध्याय नाताळातच लिहिला गेला. जमैकातील गुलामांना उसाच्या मळ्यांवर नाताळाचे तीन दिवस सुट्टी मिळे. मोठी तोडणी त्यानंतर सुरू होई. आई, बाप आणि लेकरे उजेडी एकत्र दिसत, असे हे दिवस. १८३१ साली २५ डिसेंबर रविवारी आला. रविवार तर एरवीही सुट्टीचाच; मग त्याच्या बदल्यात आणखी एक दिवस द्यायचा की नाही, यावरून कुरबुर झाली.

७.
पण असंतोष त्या एका दिवसापुरता नव्हता. बॅप्टिस्ट मंडळीतील सॅम्युएल शार्प या गुलाम धर्मसेवकाने नाताळाच्या प्रार्थनासभांतून एक निश्चय पसरवला होता : सुट्टी संपल्यावर मजुरी मिळाल्याशिवाय कोयता हाती घ्यायचा नाही. २७ डिसेंबरला केन्झिंग्टन मळ्यावर आग लागली आणि संपाचे बंडात रूपांतर झाले. ते चिरडले गेले, शेकडो लोकांना मृत्युदंड झाला. २३ मे १८३२ रोजी शार्पलाही फाशी दिले गेले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा संमत केला.

८.
गुलाम मुक्त झाले, ऊस मात्र उभाच होता. मळेवाल्यांनी माणसे शोधली ती हिंदुस्थानात. १८३४ पासून करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी शिकतात आणि झाकरी नाचतात. गणेशचतुर्थीला तर त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. उसाच्या फडात मराठी लेकरू वाढण्याचा इतिहास अकलूजच्या धुराड्यांहून सुमारे शंभर वर्षे जुना आहे.

९.
मॉरिशस दक्षिण गोलार्धात. तेथील तोडणी साधारण जूनमध्ये सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत आटोपते. म्हणून तेथे नाताळ येतो तो हंगाम संपताना, हात थोडा मोकळा होताना. तरी त्या काळचा करार निर्दय होता. एक दिवस कामावर न गेलेल्या मजुराची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आजारी लेकरापाशी बसलेल्या बापासाठी त्या नियमात अपवाद नव्हता. हा दुहेरी कापाचा नियम लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

१०.
परत अकलूजला येऊ. उत्तर प्रदेशात ऊस तोडून कारखान्यावर पोहोचवण्याचे काम बहुधा शेतकरीच करतो. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखान्यामार्फत होते. हजारो एकर ऊस ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिवशी यायचा तर शेकडो टोळ्या लागतात. त्या आल्या बीड, नगर, जालना अशा कोरडवाहू जिल्ह्यांतून. १९७२च्या दुष्काळानंतर हा ओघ अधिकच वाढला. दसरा झाला की गावे रिकामी होऊ लागतात आणि पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरतात. एकाच राज्यात एका भागाच्या कालव्याने दुसऱ्या भागाचे दुष्काळी हात ओढून घेतले.

११.
या व्यवहाराचे एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो आणि ती हंगामभर टनावारी फेडायची असते. म्हणजे बायको ही उचलीच्या हिशेबातच धरलेली असते. ती घरी राहिली तर कोयता अर्धा होतो. आई फडात गेली की अंगावर पिणारे मूलही फडात जाते. त्याला सांभाळणारे कोणी हवे म्हणून थोरली बहीण जाते. मुकादमाच्या वहीत कोयता एक. टायरगाडीत माणसे चार किंवा पाच.

१२.
डिसेंबरातील त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो, बहुतेकदा चारच्याही आधी. कोप्यांपुढे चुली पेटतात, भाकरी थापल्या जातात, अंधारातच गाड्या फडाकडे निघतात. थंडी हाडात शिरते. पाचट पेटवून त्याच्या धगीपाशी लेकरांना बसवले जाते. उजाडले की जुन्या लुगड्याची झोळी बांधून तान्हे तिच्यात टाकायचे, सात-आठ वर्षांच्या बहिणीने झोका द्यायचा. आई वाढे आवळून मोळ्या बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. मूल रडले तर हातातील मोळी पुरी करूनच ती त्याच्याकडे येते.

१३.
फड काही सुरक्षित अंगण नव्हे. पात्यांनी गाल कापतात, साप निघतात, गाडीच्या चाकांवर लक्ष ठेवावे लागते. दाट ऊस बिबट्यालाही सोयीचा असतो. डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातीलच करमाळा तालुक्यात एका बिबट्याने तीन बळी घेतले. त्यांत ऊस तोडणाऱ्या कुटुंबातील एक लहान मुलगी होती. अखेर १८ डिसेंबरला त्याला गोळी घालण्यात आली. परिसरातील लोकांनी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला. तोडणी मात्र पुढेही चालू राहिली, कारण उचल फिटलेली नव्हती.

१४.
मॉरिशसचा दुहेरी काप येथे आठवावा. कामावर न गेलेल्या दिवसाला तोडणीच्या भाषेत 'खाडा' म्हणतात. अनेक टोळ्यांत त्या दिवशीची मजुरी तर बुडतेच, वर दंडही अंगावर मांडला जातो. गुलामगिरी, करारबद्ध मजुरी आणि उचल या तीन वेगळ्या व्यवस्था आहेत. त्यांना एकाच मापाने मोजणे इतिहासाला धरून होणार नाही. ऊसतोड मजूर मतदार आहे, संघटनांत आहे, संप करतो आणि दर वाढवून घेतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. पण गैरहजर दिवसाची किंमत मजुराच्या संसारातून वसूल करण्याची रीत या तिन्ही व्यवस्थांत ओळखू येते. त्या दिवशी मूल तापाने फणफणले होते का, हे कोणतीही वही विचारत नाही.

१५.
मग शाळेचे काय? जूनमध्ये नाव घातलेले मूल सहामाही परीक्षा देते आणि दुसऱ्या सत्राच्या तोंडावर गाव सोडते. १९९०च्या दशकापासून कारखान्यांच्या आवारात 'साखर शाळा' चालवण्याचे प्रयत्न झाले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करण्यावर भर आला. मुले आजी-आजोबांपाशी राहून शिकावीत म्हणून गावातच हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना आणली.

१६.
या प्रत्येक उपायाची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. साखर शाळेने मूल आईबापांपाशी ठेवले, पण त्याची मूळ शाळा तुटली. वसतिगृहाने शाळा टिकवली, पण सहा वर्षांच्या मुलाला सहा महिने आईपासून दूर ठेवले. तान्ह्या बाळासाठी तर यांतले काहीच नाही. ते झोळीतच राहते. आईला लेकरू किंवा त्याचे शिक्षण यांतून एकाची निवड करावी लागते. अकलूजच्या बालवाडीत डिसेंबरअखेरीस लाल टोपी घालून नाचणाऱ्या मुलाच्या आईपुढे ही निवड कधी येत नाही. दोघींमध्ये अंतर असते ते फार तर दोन-तीन कोसांचे. टोपीवाल्या मुलाच्या हातातील केकमधली साखर कदाचित त्याच फडातून आलेली असते.

१७.
'नाताळ' हा शब्द मराठीने पोर्तुगिजांकडून घेतला. मूळ अर्थ जन्माचा. लूकच्या शुभवर्तमानातील गोष्टीत ते जोडपे घर सोडून निघते, कारण सम्राटाने नावनिशी लिहिण्याचा हुकूम काढलेला असतो. प्रवासातच बाळ जन्मते आणि उताराची जागा नसल्याने गव्हाणीत निजते. म्हणजे गोष्टीच्या मुळाशी एक शिरगणती आहे. भारतात २०११ची लोकगणना झाली ती ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत, गाळपाच्या भर हंगामात. पुढच्या गणनेची संदर्भतारीख ठरली आहे १ मार्च २०२७. तेव्हाही अनेक घरांना कुलूप असेल आणि घरातील माणसे कोप्यांवर असतील. बेथलेहेमचे कुटुंब मोजले जाण्यासाठी आपल्या मूळ गावी गेले होते. ही कुटुंबे मोजणीच्या वेळी आपल्या गावी नसतात.

१८.
या मुलांचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? कारखान्यांच्या स्मरणिकांत संस्थापकांची छायाचित्रे आणि गाळपाचे आकडे मिळतात. मुकादमाच्या वहीत कोयते मिळतात. मुले या दोन्हींत नाहीत. ती सापडतात बीड-नगरकडील जिल्हा परिषद शाळांच्या जुन्या हजेरीपटांत : दिवाळीनंतर सुरू होऊन पाडव्यापर्यंत चालणारी गैरहजेरीची सलग रांग. वर्षामागून वर्षे, त्याच आडनावांसमोर, त्याच महिन्यांत. जमैकाच्या बंडाची कागदपत्रे लंडनच्या दप्तरात जपलेली आहेत, मॉरिशसला उतरलेल्या मजुरांच्या नोंदीही जतन झाल्या आहेत. हे हजेरीपट मात्र शाळेच्या लोखंडी कपाटात पडून आहेत आणि जुने झाले की रद्दीत जातात. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी आपल्या गावच्या शाळेत जाऊन, गुरुजींची परवानगी घेऊन, निदान एका वर्गाचा डिसेंबर महिना मोजून पाहावा. त्या रिकाम्या चौकटींतील मुले त्या वेळी कुठे थंडी काढत होती, याचे एक उत्तर नीरेच्या काठी मिळेल.