भाषेचे सुटे भाग: एक्सएचटीएमएलच्या विभागणीचा इतिहास

१/ भाषा कोणाच्या हाती असावी, वापरणाऱ्यांच्या की नियम लिहिणाऱ्यांच्या? व्याकरणाच्या इतिहासात हा वाद जुना आहे. २००१ च्या सुमारास वेबच्या भाषेलाही त्याला सामोरे जावे लागले. हा थ्रेड त्या प्रसंगाविषयी.

२/ टिम बर्नर्स-ली यांनी 'सर्न' या संशोधन संस्थेत घडवलेली एचटीएमएल ही खुणांची भाषा आहे. कोणता मजकूर शीर्षक, कोणता परिच्छेद, कोणता दुवा, हे ती ब्राउझरला सांगते. आरंभी मोजक्याच असलेल्या या खुणा वाढत गेल्या. डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० प्रमाणित झाली तेव्हा तक्ते, फॉर्म, चौकटी, स्क्रिप्ट असे सारे एकाच विस्तीर्ण नियमावलीत सामावले होते.

३/ त्याच काळात इंटरनेट मोबाइलवर येऊ लागले. फेब्रुवारी १९९९ मध्ये जपानमध्ये 'आय-मोड' सेवा सुरू झाली. तिच्यासाठी कॉम्पॅक्ट एचटीएमएल ही आटोपशीर आवृत्ती वापरली गेली, तर 'वॅप'वाल्यांनी डब्ल्यूएमएल ही निराळीच भाषा काढली. चिमुकल्या पडद्यांना आणि तुटपुंज्या मेमरीला संपूर्ण एचटीएमएल पेलवत नव्हती. मात्र प्रत्येकाने आपापल्या सोयीने भाषा छाटली, तर एकसंध वेबची शकले होणार हे उघड होते.

४/ यावर डब्ल्यूथ्रीसी या प्रमाणन संस्थेने उपाय शोधला: छाटणी अटळ असेल, तर ती ठरलेल्या सांध्यांवरच व्हावी. जानेवारी २००० मध्ये एचटीएमएलला एक्सएमएलच्या काटेकोर नियमांत बसवून एक्सएचटीएमएल १.० आली. १० एप्रिल २००१ रोजी तिच्या मॉड्यूलमध्ये विभागणीचे प्रमाणपत्रक प्रसिद्ध झाले.

५/ रचना अशी: तक्त्यांचे एक मॉड्यूल, फॉर्मचे दुसरे, चित्रांचे तिसरे. हवी ती मॉड्यूल जोडून नवी भाषा सिद्ध करावी. गरज पडल्यास गणितासाठी मॅथएमएलसारखी बाहेरची खूणभाषाही जोडावी. डिसेंबर २००० मध्येच आलेली एक्सएचटीएमएल बेसिक लहान उपकरणांसाठी होती. मे २००१ च्या एक्सएचटीएमएल १.१ मध्ये 'रुबी' मॉड्यूल आले. जपानी किंवा चिनी अक्षरांलगत उच्चाराच्या बारीक टिपा देण्याची सोय त्यात होती.

६/ या योजनेत एक अट होती. या कुळातील प्रत्येक भाषेत चार मॉड्यूल असलीच पाहिजेत: दस्तऐवजाची रचना, मजकूर, दुवे आणि याद्या. वरवर तांत्रिक दिसणारी ही अट खरे तर एक हमी होती. उपकरण कितीही साधे असो, त्यावर वाचणाऱ्याला शीर्षक, परिच्छेद, यादी आणि पुढच्या पानाची वाट मिळणारच.

७/ मग ही योजना मागे का पडली? एक्सएमएलच्या नियमानुसार एक खूण जरी बंद करायची राहिली, तरी वाचन तेथेच थांबवावे लागते. प्रत्यक्षातली असंख्य पाने मात्र सैल हाताने लिहिलेली होती आणि ब्राउझर ती सांभाळून घेत. इंटरनेट एक्सप्लोररने तर खऱ्या एक्सएचटीएमएलचा स्वीकार २०११ मधील नवव्या आवृत्तीपर्यंत केला नाही. त्यामुळे एक्सएचटीएमएल म्हणून लिहिलेली बहुतेक पाने साध्या एचटीएमएलप्रमाणेच वाचली जात. पुढे फोनही संपूर्ण पाने दाखवण्याइतके समर्थ झाले आणि छाटणीची मूळ निकडच ओसरली.

८/ २००४ मध्ये अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेरा येथील मंडळींनी 'व्हॉटडब्ल्यूजी' हा स्वतंत्र गट स्थापन केला. चुकलेली पाने नाकारण्याऐवजी ती सर्व ब्राउझरांनी एकाच रीतीने कशी वाचावीत, हेच त्यांनी नियमबद्ध केले. २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने एक्सएचटीएमएल २ चे काम थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाणित झालेली एचटीएमएल ५ पुन्हा एकाच प्रचंड ग्रंथाच्या रूपात होती.

९/ तरीही ही विभागणी निष्फळ ठरली असे म्हणणे घाईचे होईल. २००७ च्या ईपब २ या ई-पुस्तकांच्या प्रमाणाने याच मॉड्यूलांतून आपली भाषा निवडली. वेबपानांना रूप देणारी सीएसएस तर आजही सुट्या मॉड्यूलांतूनच वाढते आहे. लोकांनी नाकारला तो काटेकोरपणा. सुट्या भागांची कल्पना त्यांनी नाकारली नाही. इतिहासात पराभूत योजनेवर 'अयशस्वी' असा शिक्का मारण्यापूर्वी, तिच्यातले नेमके काय हरले आणि काय दुसऱ्या घरी नांदायला गेले, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.