रिकामा गोठा आणि सुट्टीतली पाहुणेमंडळी

नांदगाव तालुक्यात वस्त्यावस्त्यांवरून हिंडलात, तर एक गोष्ट तुमच्या सहज ध्यानात येईल. दाराशी ट्रॅक्टर उभा असतो आणि बैलांचा गोठा ओस पडलेला असतो. गव्हाणीत मोडकी अवजारे, कोपऱ्यात फाटके बारदान. मुले नाशिकला, मुंबईला नोकरीला. दिवाळीत ती पोराबाळांसह येतात, दोन रात्री कशीबशी अडचणीत काढतात आणि परततात. मंडळी, घरात जागा नसेल, पण गोठ्यात आहे.

पाहुणा उतरवून घेणे नांदगावला नवे नाही. मनमाडहून औरंगाबादकडे रेल्वे झाली ती 1900 च्या सुमारास. त्याआधी वेरूळची लेणी पाहायला निघालेला प्रवासी नांदगाव स्टेशनावर उतरे आणि पुढे टांग्याने जाई. आज गाड्या थांबतात, पण पाहुणा थांबत नाही. तो थांबावा असे इथे पुष्कळ आहे.

यायचे ते पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत. उन्हाळ्यात इथे माणसांनाच पाणी पुरत नाही, तिथे पाहुण्याला काय देणार? पाऊस झाला की डोंगर हिरवे होतात. नस्तनपूरला शनिमहाराजांचे दर्शन घ्यावे. गिरणा धरण पाहावे. 1969 सालचे हे धरण आपल्या तालुक्यात, पण त्याचे पाणी बरेचसे जळगाव जिल्ह्याची शेते भिजवते, हेही नातवंडांना सांगावे. चाळीसगावच्या बाजूने पितळखोऱ्याची लेणी गाठावीत. ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. आणि पौषात उन्हाळी कांद्याची लागण चालू असते, तेव्हा मुलांना वाफ्यात उतरू द्यावे. बाजारात कांद्याचा भाव पडला म्हणजे काय होते, ते त्यांना मग वेगळे समजवावे लागत नाही.

आता गोठा राहण्याजोगा कसा करायचा? जमीन वीतभर उकरा. ती मुतारलेली माती वाया घालवू नका, शेतात पसरा. ते खतच आहे. भिंतींच्या भेगांत गोचीड महिनोन्महिने दडून राहते, म्हणून भेगा नीट बुजवा आणि चुन्याचे दोन हात द्या. पूर्वेला खिडकी काढा. पत्रा तापतो, त्याखाली तट्ट्यांचे छत बांधा. कडबा आणि भुसा लांब रचा, म्हणजे विंचू-साप जवळ येणार नाहीत. संडास-न्हाणी आधी, रंगरंगोटी नंतर. सांडपाण्याला शोषखड्डा हवाच. गव्हाण मात्र मोडू नका. तिच्यावर फळी टाकली की बसायला बाक होतो, आणि इथे कोणाच्या जिवावर घर उभे राहिले ते मुलांना दिसते.

यातून चार पैसेही मिळू शकतात. पांडुरंग तावरे यांनी 2005 साली बारामतीजवळ कृषी पर्यटनाची सुरुवात केली, तेव्हा शेतावर पैसे देऊन कोण राहील, असे अनेकांना वाटले असेल. पुढे राज्यभर अशी केंद्रे झाली. 2020 साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणही केले. केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते.

तरीही कर्ज काढून एकदम उडी घेऊ नका. स्वयंपाकाचा भार शेवटी घरच्या बाईवर पडतो; तेव्हा पहिला विचार तिला, आणि पैशातला वाटाही तिला. पहिले वर्ष घरच्याच माणसांना बोलवा. सून आणि नातवंडे आठ दिवस सुखाने राहिली, तर परकी माणसेही राहतील.

आणि परकी नाही आली, तरी बिघडले काय? ज्या पोराने बांध पाहिला नाही, त्याला उद्या जमीन म्हणजे नुसता सातबाऱ्याचा कागद. आठ दिवस त्या गोठ्यात झोपलेले पोर ती विकण्याआधी दोनदा विचार करील.