मधली पायरी

आमच्या तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात मी गेली एकवीस वर्षे कारकून आहे. जन्म, मृत्यू, लग्ने, जमिनीचे दस्त असे सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. त्यात सगळ्यात मोठी रांग असते जुन्या जन्मनोंदीच्या नकलेसाठी. तिला गोव्यात सगळेच 'तेओर' म्हणतात. 19 डिसेंबर 1961 च्या आधी इथे जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल अजूनही आपला नागरिक मानतो. त्याने आपला जन्म लिस्बनला नोंदवला की मुलांची आणि नातवंडांची वाट मोकळी होते. पूर्वी पोरे उघड सांगायची, "स्विंडनला जातो." ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, त्या पासपोर्टवर इंग्लंडात सरळ जाऊन काम करता येत नाही. तरी रांग संपलेली नाही.

खरे सांगायचे तर त्या रांगेकडे मी जरा वरूनच बघत असे. मनात म्हणायचो, चालले देश सोडून.

2023 च्या मार्चमध्ये माझी मुलगी लिस्बनला गेली. ती हॉटेल मॅनेजमेंट शिकत होती. अभ्यासक्रमात सहा महिन्यांचे ट्रेनिंग होते, आणि वर्गातली बरीच मुले ते परदेशात करत होती. राहणे-जेवण हॉटेलचे, पगार नाही, विमानाचे तिकीट आणि एजंटची फी आमची. मी जीपीएफमधून पैसे काढले. बायको म्हणाली, "बिनपगारी कामाला आपणच पैसे भरायचे?" मी म्हटले, "शिक्षण आहे ते." म्हटले खरे, पण हिशेब मलाही पटत नव्हता.

पहिले दोन महिने पोरीने बटाटे सोलले. बटाटे, कांदे, कोबी. सकाळी सातला सुरू व्हायचे आणि कधी कधी रात्री दहा वाजायचे. कागदावर आठ तास होते, पण कागद कोण बघतो? रात्रपाळी संपवून ती फोन करायची तेव्हा इकडे पहाट असायची. उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. रडायची नाही, पण फोनवर गप्प बसायची. त्या गप्प बसण्याने मला झोप लागत नसे.

मग हळूहळू ती बोलू लागली. तिला तिथे आजीचे शब्द भेटू लागले होते. खिडकीला जनेल, किल्लीला चावी, बादलीला बाल्द. बटाट्याला बटाटाच, आणि कोबीला जवळजवळ कोबी. आमच्या घरी बोलणे कोकणीत, वाचणे-लिहिणे मराठीत. पोर्तुगीज आम्हाला कोणी शिकवले नव्हते, तरी अर्धे स्वयंपाकघर तिला कळत होते. एके दिवशी म्हणाली, "बाबा, हांगा पगार मेळना, पूण 'पगार' म्हटल्यार सगळ्यांक समजता." त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे देणे. आम्ही दोघे खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकले नाही.

जूनमध्ये सांत आंतोनियोचे फेस्त आले. गल्लीगल्लीत कोळशावर तारले भाजत होते. तिने फोनवर व्हिडिओ दाखवला. आमच्याकडे तेव्हा पावसाळी मासेमारी बंद, बाजारात मासळीचा दुष्काळ. माझे वडील स्क्रीनकडे बघून म्हणाले, "वास येत नाही, एवढेच."

जुलैत तिचा फोन आला तो वेगळाच. तिच्या मुख्य आचाऱ्याने सांगितले होते, युरोपचा पासपोर्ट असता तर सोमवारपासून पगारावर घेतले असते. तिथल्याच एका गोवेकर सहकाऱ्याने विचारले, तुझे आजोबा कधी जन्मले? "बाबा, आजोबांची नोंद तुमच्या ऑफिसात असेल ना? बघा ना जरा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नोंदवही काढली. वडिलांचे साल 1949. नोंद सापडायला दहा मिनिटे लागली. झरणीची वळणदार अक्षरे, आमचे आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले, आणि शेवटी आजोबांची देवनागरी सही. अशा किती नोंदी मी काढून दिल्या असतील, पण ही मी कधी उघडली नव्हती.

मी वही मिटली. रात्री फोनवर पोरीला सांगितले, "वही सापडत नाही. जुनी आहे, शोधावी लागेल."

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी काउंटरवर असे खोटे कोणाला सांगितले नव्हते.

कारण साधे होते. आमच्याकडची नेहमीची वाट पायरीपायरीची. आधी आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग बापाचा, मग मुलीचा. मधली पायरी मी. आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपणहून घेतले की भारताचे जाते. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम मी रांगेतल्या कितीतरी पोरांना सांगितले आहे. मी ते केले तर ही खुर्ची, पेन्शन, सगळ्यावर पाणी. तिच्या एका सोमवारसाठी माझी एकवीस वर्षे. आणि हे तिला सांगण्याऐवजी मी वही हरवली.

आठ दिवस असेच गेले. शेवटी वडिलांना सांगितले. ते मराठी शाळेत शिकलेले, मुक्तीच्या वेळी बारा वर्षांचे. मला वाटले, चिडतील. म्हणतील, ज्यांना घालवले त्यांच्याच दारात जायचे? ते एवढेच म्हणाले, "पासपोर्ट घ्यायचा की नाही ते तुम्ही बघा. पण पोरीला वही सापडली म्हणून सांग."

त्या रात्री मी तिला सगळे सांगितले. नोंद आहे हे, आणि मधली पायरी कोण आहे हेही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "हे आधी सांगायला काय झाले होते? मी फक्त विचारले होते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही.

ऑगस्टच्या अखेरीस ती परत आली. बोटांवर सुरीच्या खुणा आणि बॅगेत आजीसाठी एक पितळी चावी, तिथल्या जुन्या बाजारातून घेतलेली. आता इथल्याच एका हॉटेलात नोकरी करते. पगार लिस्बनएवढा नाही. पुन्हा कधी जाईल का, माहीत नाही. गेली तर माझ्या पायरीशिवायची वाट ती शोधेल, किंवा मी निवृत्त झाल्यावर बघू, असे आम्ही बोलून ठेवले आहे.

वडिलांच्या नोंदीची नक्कल मात्र मी काढली. स्वतःच्याच काउंटरवर अर्ज केला, फी भरली, पावती घेतली. सहकाऱ्यांनी चेष्टा केली, "तुम्हीसुद्धा?" ती नक्कल आता कपाटात, पोरीच्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटाखाली आहे.

रांगेतल्या पोरांकडे आता मला वरून बघता येत नाही. कागद देताना एक प्रश्न मात्र विचारतो, "आजोबांनंतर मध्ये कोण आहे? बाबा की आई? त्यांच्याशी बोललास का?"

बरेच जण नुसतेच बघत राहतात.