परतीच्या तिकिटाचे कुंपण

पुणे आणि दिल्ली यांच्यातील अंतर कापण्यास झेलम एक्सप्रेसला एका अहोरात्राहून अधिक वेळ लागतो आणि विमानाला दोन-सव्वादोन तास पुरतात. भोसरी, चाकण व रांजणगाव येथील सुट्या भागांचे कारखाने आणि गुरुग्राम-मानेसर पट्ट्यातील वाहन कंपन्या यांच्यातील व्यवहाराचा बराचसा भाग या फरकावर उभा आहे. पहाटेच्या विमानाने जावे, दिवसभरात काम उरकावे आणि रात्रीच्या विमानाने परतावे, हा या मार्गावरील ठरलेला क्रम होय. प्रस्तुत वर्णन हिवाळ्यातील एका मंगळवारी केलेल्या अशाच एका दिवसाच्या प्रवासाचे असून, गिअरबॉक्सचे लहान भाग तयार करणारे भोसरी औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक त्या प्रवासात प्रस्तुत लेखकासोबत होते. त्यांच्या एका मालाला सोमवारी संध्याकाळी मानेसरहून नकार आला होता आणि सोबत ‘उद्या माणूस पाठवा’ असा निरोप होता, त्यामुळे तिकिटे सोमवारी रात्री साडेदहाला, भ्रमणध्वनीवर, त्या क्षणी जी सर्वांत स्वस्त दिसली ती काढण्यात आली होती.

लोहगावचे विमानतळ मुळात हवाई दलाचे असून नागरी वाहतुकीला त्यात एक कोपरा दिलेला आहे. त्या कोपऱ्यातील नवी इमारत 14 जुलै 2024 पासून प्रवाशांसाठी खुली झाली. पहाटे चारच्या सुमारास तेथे जी गर्दी असते तिच्यात देवदर्शनाला वा लग्नाला निघालेली कुटुंबे थोडी, आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवलेली, एकमेकांशी न बोलणारी माणसे फार. उद्योजकांच्या हाती मात्र एक जड पेटी होती व तिच्यात नाकारलेल्या मालाचे नमुने आणि त्यांच्या जागी द्यावयाचे नवे नमुने होते. देशांतर्गत प्रवासात साधारणतः 15 किलो सामान तिकिटात धरलेले असते, पेटी त्याहून चार किलो अधिक भरली, आणि वरच्या प्रत्येक किलोला वेगळे पैसे पडले. एका किलोमागे मोजलेली ती रक्कम त्या पेटीतील एखाद्या भागावर मिळणाऱ्या नफ्याच्या कितीतरी पट होती, हे उद्योजकांनी तेथेच तोंडी हिशेब करून सांगितले.

अल्पखर्ची विमानसेवा म्हणजे केवळ कमी भाड्याची सेवा नव्हे. पूर्वी तिकिटाच्या एका किमतीत जे सारे येत असे, म्हणजे आसन, सामान, खाणे, तारीख बदलण्याची मुभा आणि न गेल्यास पैसे परत मिळण्याचा हक्क, ते सुटे करून प्रत्येकाची वेगळी किंमत लावणारी ही पद्धती आहे. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये काउंटरवर सोपवावयाचे सामान न नेणाऱ्यास सवलत देण्याची परवानगी विमान कंपन्यांना दिली, आणि जुलै 2022 मध्ये काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी शुल्क आकारता येणार नाही असे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला बजावावे लागले. सुटे करण्याची ही प्रवृत्ती कोठवर जाऊ शकते याची कल्पना त्यावरून येते. खाण्याचे किंवा खिडकीजवळच्या जागेचे पैसे वेगळे द्यावे लागले म्हणून कोणाचा धंदा बसत नाही. कामासाठी फिरणाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते ती सुटी केलेली शेवटची वस्तू, म्हणजे बेत बदलण्याची मुभा.

या मुभेवर किंमत लावण्याची युक्ती भारतीय नाही, आणि ती अल्पखर्ची कंपन्यांनी शोधलेलीही नाही. अमेरिकेत 1977 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘सुपर सेव्हर’ नावाची स्वस्त भाडी आणली आणि त्यांना बरेच दिवस आधी खरेदी व किमान काही दिवस मुक्काम अशा अटी जोडल्या. पुढल्याच वर्षी तेथील विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला, 1981 मध्ये पीपल एक्सप्रेस ही अत्यंत स्वस्त कंपनी मैदानात उतरली, आणि तिला तोंड देताना 1985 मध्ये जुन्या कंपनीने अटींनी आणखी जखडलेली आणखी स्वस्त भाडी काढली. पीपल एक्सप्रेस 1987 पर्यंत दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन संपली. भाडेशास्त्रात अशा अटींना कुंपण म्हटले जाते, कारण एकाच विमानातील सारख्याच आसनासाठी अधिक पैसे देऊ शकणारा प्रवासी स्वस्त भाड्याच्या वावरात शिरू नये, एवढेच त्यांचे काम असते. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कुंपण शनिवारच्या रात्रीचे होते: जाणे व येणे यांच्यामध्ये शनिवारची रात्र बाहेर काढणाऱ्यालाच स्वस्त तिकीट मिळे. सहलीला निघालेल्या कुटुंबाला त्याचा काहीच जाच नव्हता, परंतु सोमवारी निघून गुरुवारी घरी परतू पाहणाऱ्या विक्रेत्याला तो होता. शनिवार-रविवार मुलाबाळांत घालवण्याची माणसाची साधी इच्छा हाच एक जकातनाका झाला होता.

भारतात हे शनिवारचे कुंपण रुजण्यास फारसा अवकाश मिळाला नाही. 1953 च्या कायद्याने निर्माण झालेली सरकारी मक्तेदारी 1994 मध्ये कायद्यानेच संपली, आणि 2003 मध्ये सुरू झालेल्या, कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने एक रुपयाच्या तिकिटांपर्यंत मजल मारून विमानाचा प्रवासी कोण असू शकतो याची व्याख्याच बदलली. त्यानंतर 2005 मध्ये स्पाइसजेट व गोएअर आणि 2006 मध्ये इंडिगो आली, आणि या साऱ्यांनी प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे विकली. जाणे आणि येणे ही दोन वेगळी तिकिटे झाल्यावर मधल्या मुक्कामाची अट घालणार कशी? त्यामुळे कुंपण सरकले आणि दोन ठिकाणी पक्के झाले: किती दिवस आधी खरेदी केली, आणि खरेदीनंतर बेत बदलला की नाही. शनिवारच्या अटीपेक्षा ही कुंपणे अधिक सौम्य दिसतात, परंतु धंद्यासाठी फिरणाऱ्याला ती अधिक नेमकी हेरतात, असे येथे नमूद करणे भाग आहे.

पहाटेच्या विमानात मधल्या बाजूची आसने निर्गमनाच्या आदल्या रात्रीपर्यंत कशी शिल्लक राहिली, या उद्योजकांच्या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या सूत्रात आहे. ब्रिटनच्या बीओएसी या कंपनीतील केन लिटलवुड यांनी 1972 मध्ये मांडलेला नियम असा की, उशिरा येणाऱ्या महागड्या गिऱ्हाइकाकडून आसन भरण्याची शक्यता गुणिले त्याचे भाडे ही रक्कम स्वस्त भाड्याहून जास्त असेल तोवर आसन राखून ठेवावे. उदाहरणादाखल, स्वस्त भाडे 4,000 रुपये आणि शेवटच्या क्षणीचे 10,000 रुपये धरले, तर उशिरा गिऱ्हाईक येण्याची शक्यता शंभरात चाळीसहून अधिक असेपर्यंत ते आसन स्वस्तात विकणे तोट्याचे ठरते. आजची संगणकीय व्यवस्था याहून कितीतरी गुंतागुंतीची असली तरी तिच्या तळाशी हाच विचार आहे. तेव्हा त्या पहाटेची रिकामी आसने विकली न गेल्यामुळे उरलेली नव्हती. मानेसरहून कोणाला तरी निरोप येईल, या अपेक्षेने ती राखलेली होती.

दिल्लीत उतरल्यावर राष्ट्रीय महामार्ग 48 ने मानेसरला जाताना धुके विरत होते आणि ट्रकांची रांग हळूहळू सरकत होती. या पट्ट्यात 2000 नंतरच्या दशकात दुचाकी व मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याभोवती पुरवठादारांची वस्ती जमली. पुण्यातील पुरवठादार या वस्तीत राहत नाही, एवढाच त्याचा दोष. नवा भाग नियमित पुरवठ्यात घेण्यापूर्वी त्याचे नमुने, मापे आणि प्रक्रियेची कागदपत्रे तपासून मंजूर करण्याची एक पद्धती वाहन उद्योगात रूढ आहे, तिला कारखान्यांतून ‘पीपॅप’ म्हणतात. तिच्या भेटींच्या तारखा आधी ठरू शकतात. रिजेक्शनची, म्हणजे आलेला माल नाकारला जाण्याची तारीख कोणीही आधी ठरवू शकत नाही, आणि लहान पुरवठादाराचा प्रवास बहुतांशी तिच्यामुळेच घडतो. तीन आठवडे आधी तिकीट काढणाऱ्याला मिळणारी सवलत अशा माणसापुढे ठेवणे म्हणजे विहिरीला पाणी लागण्याआधी मोट विकण्यासारखे आहे.

बैठक सकाळी अकराला सुरू झाली. नव्या नमुन्यांची मापे दुपारपर्यंत जुळली, परंतु प्रत्यक्ष जुळणीच्या ओळीवर ते बसवून पाहण्याची वेळ पाळी बदलल्यानंतर, संध्याकाळी सहाची मिळाली, आणि परतीचे विमान पावणेआठचे होते. त्याच खोलीत चाकणच्या एका मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीचे अधिकारीही होते, त्यांचेही परतीचे विमान तेच होते. त्यांनी आपल्या कंपनीच्या प्रवास कक्षाला फोन केला आणि चहा संपण्यापूर्वी त्यांचे तिकीट रात्रीच्या शेवटच्या विमानाचे झाले. मोठ्या कंपन्या विमान कंपन्यांशी वर्षभराचे करार करतात, आणि अशा करारातील भाड्यात बेत बदलण्याची मुभा, कमी रद्द-शुल्क व पुष्कळदा खाणेही धरलेले असते. शिवाय वर्षाला हजारो तिकिटे घेणाऱ्याला मिळणारा दर सुट्या गिऱ्हाइकाच्या दराहून फारसा चढा असतोच असे नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मुळात कुंपण उभारले गेले, तो कंपनीच्या पैशाने फिरणारा अधिकारी केव्हाच फाटकातून आत शिरला असून, बाहेर अडकला आहे तो स्वतःच्या गल्ल्यातून तिकीट काढणारा वर्कशॉपचा मालक. धंदेवाईक प्रवाशांची एकच जात असते असे मानणारे भाडेशास्त्र या दोघांत फरक करत नाही.

उद्योजकांनी भ्रमणध्वनीवर आपले तिकीट उघडले. तेथे बदल-शुल्क आणि त्यावर दोन विमानांच्या त्या क्षणीच्या भाड्यांतील फरक अशी बेरीज दाखवली जात होती. या दुसऱ्या भागाकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही: शुल्क ठरलेले असते, पण फरक ठरलेला नसतो, आणि संध्याकाळी पाच वाजता रात्रीच्या विमानाचे भाडे लिटलवुडच्या नियमानुसार चढलेलेच असते. दोन्ही मिळून होणारी रक्कम दुसऱ्या कंपनीच्या नव्या तिकिटाहून सुमारे 1,000 रुपयांनी अधिक होती, म्हणून नवे तिकीट काढून जुने सोडून देण्यात आले. रद्द केल्यास मूळ भाड्यातून जवळजवळ काहीच परत मिळणार नव्हते. महासंचालनालयाच्या नियमांनी रद्द-शुल्काला मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेची मर्यादा घातली आहे; मूळ भाडे परत न मिळणाऱ्या तिकिटावरही, इतकेच नव्हे तर प्रवासी आलाच नाही तरीही, कर आणि विमानतळाचे विकास शुल्क परत करणे त्यांनी बंधनकारक केले आहे. त्याच नियमांनी 2016 पासून खरेदीनंतर 24 तासांपर्यंत विनाशुल्क बदलण्याची सोय दिली, परंतु ती उड्डाणाला सात दिवसांहून कमी अवधी असताना केलेल्या खरेदीला लागू नव्हती. संरक्षण देणारा हा नियमही, नकळत का होईना, त्याच कुंपणाच्या रेषेवरून गेला.

या हिशेबात एक बारकी गळती आणखी आहे. साध्या वर्गाच्या विमानभाड्यावर 5 टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि नोंदणीकृत व्यवसायाला धंद्याच्या प्रवासावरील हा कर आपल्या देण्यातून वजा करता येतो, मात्र त्यासाठी तिकीट काढतानाच व्यवसायाचा नोंदणी क्रमांक भरावा लागतो. रात्री साडेदहाला, घरच्या सोफ्यावर, स्वतःच्या नावाने तिकीट काढणाऱ्याच्या ते ध्यानात राहत नाही. प्रवास कक्ष असलेल्या कंपनीत ते विसरता येत नाही, कारण ती चौकट आधीच भरलेली असते.

ओळीवरची चाचणी सव्वासातला संपली. भाग बसले, पण एका पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाविषयी शंका राहिली आणि शुक्रवारी पुन्हा नमुने आणावेत असे ठरले. दिल्ली विमानतळावर रात्री धुके उतरू लागले होते. तेथील धावपट्ट्यांवर अत्यल्प दृश्यमानतेत उतरण्याची व्यवस्था असली तरी ती वापरण्यासाठी विमान आणि वैमानिक दोन्ही त्या पात्रतेचे असावे लागतात, आणि त्यामुळे सूचनाफलकावर काही उड्डाणांपुढे उशिराची वेळ झळकत होती. ज्या पावणेआठच्या विमानाचे तिकीट सोडून दिले होते तेही त्यांत होते. त्याची नवी वेळ सव्वादहा होती, आणि मानेसरहून निघून ते सहज गाठता आले असते. उद्योजक फलकाकडे काही वेळ पाहत राहिले आणि मग पाण्याची बाटली घेण्यास गेले.

विमान लोहगावला मध्यरात्रीनंतर उतरले. टॅक्सीसाठी एरोमॉल या वाहनतळाच्या बहुमजली इमारतीकडे चालत जावे लागते. पेटी आता हलकी होती, कारण जुने नमुने मानेसरलाच ठेवून घेण्यात आले होते. वर जाणाऱ्या लिफ्टसमोरील रांगेत उभे असतानाच उद्योजकांनी शुक्रवारचे तिकीट पाहण्यास सुरुवात केली. पडद्यावर एकाच विमानाची तीन भाडी होती: एक सर्वांत स्वस्त, दुसरे कमी बदल-शुल्काचे, आणि तिसरे विनाशुल्क बदलता येणारे. तिसऱ्या आणि पहिल्या भाड्यातील फरक त्या दिवशी वाया गेलेल्या तिकिटाच्या निम्म्याहूनही कमी होता, आणि तो त्यांना दाखवण्यातही आला. ‘बदलावं लागलं तर ना,’ असे म्हणून त्यांनी पहिल्यावर बोट ठेवले. ज्या भागासाठी हा सारा प्रवास होता त्याचा दर गेल्या मार्चमध्ये नगामागे 35 पैशांनी कमी करून घेण्यात आला होता, आणि तो कागद अजून त्यांच्या पाकिटात होता.