नाव पूर्ण लिहा

लोणावळ्यात खोली बुक करायची तर फोनवर तीन प्रश्न येतात. किती माणसं, किती वाजता येणार, नाव काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी पटकन देतो. तिसऱ्याला गेली दहा-बारा वर्षं मी फक्त पहिलं नाव सांगत आलोय. माझं पहिलं नाव समीर, कबीर, अमन यांच्या जातकुळीतलं आहे. दोन्हीकडे खपतं. पुढे वडिलांचं नाव आणि आडनाव जोडलं की पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो. तो थांबू नये म्हणून ही काळजी. खोटं बोलत नाही, अर्धंच बोलतो, अशी पळवाट मी स्वतःला काढून दिली होती.

सवय कशी लागली ते सांगतो. जुलैतला शनिवार होता. मी, बायको आणि अम्मी. हॉटेल मध्यम दर्जाचं, अर्धे पैसे आधी भरलेले. काउंटरवरचा पोरगा हसतमुख होता. त्यानं ओळखपत्र मागितलं, मी दिलं. कार्ड हातात घेऊन त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा मागं सोफ्यावर ओला बुरखा झटकत बसलेल्या अम्मीकडे पाहिलं. ‘एक मिनिट सर’ म्हणून तो आत गेला. बाहेर आला आणि म्हणाला, “सर, तुमच्या रूममध्ये पाणी गळतंय. दुसरी शिल्लक नाही.” पैसे त्यानं पूर्ण परत केले, वर चहाही विचारला. आम्ही पायरीवर छत्री उघडत होतो तेव्हा आमच्या मागून आलेल्या कुटुंबाला किल्ली मिळत होती.

आता गोष्ट अशी, की जुलैत लोणावळ्यातली खोली खरंच गळू शकते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथं. त्या कुटुंबाचं बुकिंग वेगळ्या खोलीचं असू शकतं. त्या पोरावर मला आरोप करता येत नाही आणि त्याला माफही करता येत नाही, कारण नेमकं काय झालं तेच मला कळलेलं नाही. तोंडावर ‘तुम्हाला देत नाही’ म्हणाला असता तर भांडलो असतो. संविधानाचं कलम १५ (२) मला पाठ आहे, त्यात हॉटेलचा स्पष्ट उल्लेख आहे. पण गळक्या छताला कोणतं कलम लावणार?

काउंटरवरून माघारी फिरणारे आम्ही एकटेच नाही, हेही सांगायला हवं. कुठं पोरापोरांचा ग्रुप नको असतो, कुठं लग्न न झालेलं जोडपं. काही ठिकाणी जवळपासचा पत्ता असला की ‘लोकल आयडी’ म्हणून नकार. त्यांना निदान पाटी वाचून कळतं. आणि आपापल्या लोकांत उतरायची रीत इथं जुनीच आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या पैसेवाल्यांना या डोंगरातली हवा मानवली. बंगले झाले, त्या त्या समाजाची सॅनेटोरियम झाली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आता तर शनिवार-रविवारी अर्धं पुणं आणि अर्धी मुंबई इथंच असते. रस्त्याच्या कडेला किल्ल्या हलवत ‘बंगला हवा का, रूम हवी का’ विचारणारी पोरं उभी असतात. त्यांना नावाशी घेणंदेणं नसतं. ती फक्त गाडीचा नंबर बघतात.

त्या शनिवारनंतर आमच्यात एक पद्धत पडली. हॉटेल आलं की मी एकटा उतरायचं, किल्ली घ्यायची, मग बाकीच्यांनी उतरायचं. अम्मी तोवर गाडीत थांबायची. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. ‘घुटने दुखते, तू देख के आ,’ म्हणायची. गुडघे तिचे खरंच दुखतात. पण खोली बघायला जिने चढायच्या वेळी ते दुखत नाहीत, हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये कार्ल्याला गेलो. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हापासून अम्मी धबधब्याचं नाव काढू देत नाही. म्हणून मळवली-कार्ल्याच्या बाजूला एका घरगुती लॉजमध्ये दोन खोल्या सांगितल्या. खाली मालकीणबाईंचं घर, वर चार खोल्या, मागं भाताची खाचरं. सगळे त्यांना मावशी म्हणतात. मी नेहमीसारखा एकटा पुढं झालो. नऊ वर्षांची लेक मात्र मागून उतरून आलीच. मावशींनी जाड वही पुढं सरकवली, मी पहिलं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. आधारची झेरॉक्स त्यांनी वाचली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या, “म्हातारीला गाडीत का ठेवलंय? गारठंल की ती.”

खोलीत आल्यावर लेकीनं विचारलं, “अब्बू, नाम आधाच कायकू लिखे?”

“जागा कम थी,” मी म्हणालो. ती गप्प बसली. वहीतला रकाना तिनं पाहिला होता.

मावशी काही साधुसंत नव्हत्या. गरम पाण्याची बादली पन्नास रुपये, उशी जादा हवी तर तिचे वेगळे. जेवणाचं मात्र त्यांनी आपणहून काढलं. “कोंबडी आमच्यात आम्हीच कापतो, तुम्हाला ती चालायची नाही. अंडी करू?” इतका सरळ प्रश्न मला कुठल्या काउंटरवर कुणी विचारला नव्हता. रात्री इंद्रायणीचा वाफाळता भात, आमटी आणि अंड्याचा रस्सा जेवलो. त्या भाताचा वास मावळाबाहेर तसा येत नाही, हे माझं मत, आणि ते मी बदलणार नाही.

इशाच्या नमाजला मी मोबाईलवर किबला शोधत होतो. अम्मीनं केव्हाच जानमाज अंथरला होता. “अस्र के वक्त थोडा सूरज दिखा था,” म्हणाली. मी विचारलं, कसर करायची का? मुसाफिराला चार रकातींच्या दोन होतात. पण हनफी हिशेबानं त्यासाठी अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे साधारण ७७ किलोमीटरचा प्रवास लागतो. पुण्याहून लोणावळा रेल्वेनं ६४ आणि कार्ला त्याच्याही अलीकडे. अम्मी हसली. “इत्ते पास आ को हम मुसाफिर कहां के? पूरे चार पढ.”

सकाळी ती खाली पायऱ्यांपाशी एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या कोळी बायकांशी मुंबईच्या मासळीचे भाव बोलत बसली आणि आम्ही लेणी बघायला वर चढलो. घाटावरून कोकणातल्या बंदरांकडे जाणारी वाट इथूनच. व्यापाऱ्यांनी दान द्यायचं आणि भिक्खूंनी वर्षावासाला राहायचं, अशी ही जागा. जवळच्या भाज्याला तर भिक्खूंच्या खोल्यांत निजायचे दगडी ओटे अजून आहेत. लोणावळ्यातल्या सगळ्यात जुन्या खोल्या या. लेकीला ते सांगितलं तर तिनं लगेच विचारलं, गरम पाणी मिळायचं का?

चैत्यात अंधार होता. खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं कोरलेली आहेत. मला ब्राह्मी येत नाही, पण पुस्तकात वाचून गेलो होतो. त्या दात्यांत काही यवन आहेत. सिहधय, यसवधन. ते धेनुकाकट गावचे. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक, समुद्रापलीकडून आलेला. नावं मात्र इथल्या मातीतली वाटतात.

या शब्दाशी माझी ओळख शाळेत झाली. इतिहासाच्या तासाला सर ‘यवनी सत्ता’ म्हणाले की वर्गातली दोन-तीन डोकी मागं वळायची, माझ्या बाकाकडे. मराठीत तोवर यवनाचा अर्थ मुसलमान असा झालेला होता. आणि इथं तोच शब्द दोन हजार वर्षं खांबावर आहे. गाव कोणतं, नाव काय, दिलं काय, सगळं पूर्ण. खांबावर हात ठेवावासा वाटला, पण रखवालदार बघत होता.

लेकीनं विचारलं, “इनका नाम पूरा है?”

“हां.”

बारा वाजता हिशेब करायला मावशींनी तीच वही काढली. मी पेन मागितलं आणि कालच्या ओळीत पहिल्या नावापुढं वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं. जागा खरंच पुरली नाही. आडनाव फोन नंबरवर चढलं. मग लेकीनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि खालच्या कोऱ्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, तिन्ही शब्द, सुटे सुटे.

मावशींनी चष्मा लावून ते वाचलं. “नाव लिवलंस व्हय? मग तुजं बी भाडं लावू का?” म्हणाल्या. तिचं भाडं त्यांनी लावलं नाही. गरम पाण्याच्या चार बादल्यांचे दोनशे मात्र मांडले.